इन्फ्ल्युएन्झा आणि हृदयविकार : मृत्युनोंदींचा ऐतिहासिक अन्वय
साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना मृत्यूचे नोंदविलेले कारण अंतिम मानता येत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ सेल्विन कॉलिन्स यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की, इन्फ्ल्युएन्झाच्या साथींत हृदयविकाराखाली नोंदविलेले मृत्यूही वाढत असत. त्याची कारणमीमांसा पुढे स्पष्ट झाली. संसर्गजन्य दाहामुळे हृदयरोहिणीतील मेदाचा थर फुटून रक्ताची गुठळी होऊ शकते. ताप व प्राणवायूची कमतरता यांमुळे हृदयावरील ताणही वाढतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील रुग्णांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इन्फ्ल्युएन्झाच्या चाचणीनंतरच्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतर काळाच्या सुमारे ६ पट आढळले. तात्पर्य, केवळ फुफ्फुसविकाराचे मृत्यू मोजल्यास साथीचे बळी कमी भरतात. म्हणून इतिहासकाराने हृदयविकाराचा रकानाही तपासणे अगत्याचे ठरते.