जावरचं जस्त आणि आपला अभिमान

आज आपण मेवाडात जाऊ. उदयपूरच्या दक्षिणेला साधारण 40 किलोमीटरवर, अरवलीच्या टेकड्यांत, जावर नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या भिंतींत विटांच्या जागी मातीच्या पोकळ नळ्या रचलेल्या दिसतात. या नळ्या म्हणजे वापरून टाकलेल्या मुशी. त्यांचे ढीगच्या ढीग आजही तिथे पडून आहेत.

या मुशी तिथे का आल्या, हे समजायला आधी खडकाकडे पाहावं लागतं. दीड अब्ज वर्षांपेक्षाही आधी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी जो गाळ साचला, त्याचा पुढे डोलोमाइट नावाचा खडक झाला. धातू विरघळलेलं खारट, ऊन पाणी या थरांत शिरलं. गंधकाशी संयोग होऊन त्यातून शिशाचं गॅलेना आणि जस्ताचं स्फॅलेराइट ही खनिजं तयार झाली. नंतर जमिनीला घड्या पडल्या, टेकड्या उभ्या राहिल्या, आणि हे साठे खडकाच्या भेगांतूनही पसरले. मोचिया, बलारिया, झावरमाला, बरोई या टेकड्यांत शिसं आणि जस्त असं एकत्र सापडतं, आणि त्यात जस्ताचं प्रमाण जास्त आहे.

आता गंमत बघा. एकाच दगडातल्या या दोन धातूंचा स्वभाव अगदी निराळा आहे. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं आणि भट्टीच्या तळाशी जमतं. जस्ताला खनिजातून सुटायला सुमारे 1000 अंश लागतात, पण ते उकळतं 907 अंशांनाच. म्हणजे सुटताक्षणी त्याची वाफ होते, आणि हवा लागली की त्या वाफेची पांढरी राख होते. हातात काहीच राहत नाही.

जावरच्या कारागिरांनी यावर उपाय शोधला. भाजलेलं खनिज ते वांग्याच्या आकाराच्या बंद मुशीत भरत आणि मूस भट्टीत उलटी ठेवत. वरच्या भागात आग, खाली नळीचं तोंड थंड कप्प्यात. वाफ खाली उतरे आणि तिथे तिचं जस्त होई. 1983 साली ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून केलेल्या उत्खननात अशा भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. एका भट्टीत 36 मुशी बसत. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात ‘वृन्ताक मूषा’ म्हणून जिचं वर्णन येतं, ती हीच. वृन्ताक म्हणजे वांगं.

पाठ्यपुस्तकांत मात्र जस्ताच्या शोधाचं श्रेय बहुधा जर्मनीच्या मार्गग्राफला, 1746 साली, दिलेलं असतं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं 1738 साली. जावरचा उद्योग त्याच्या कित्येक शतकं आधीचा. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं इथे एक प्रश्न विचारतो: ‘जाणणं’ म्हणायचं कशाला? धातूला मूलद्रव्य म्हणून ओळखणं हे ज्ञान आहेच. पण त्याची वाफ पकडून रोज मणाने माल काढणं, हेही ज्ञानच. त्या कारागिरांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्या मुशी मात्र उरल्या.

हे ऐकून आपली छाती फुगते. फुगू द्या. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे-होळकरांच्या फौजांनी मेवाडकडून वारंवार खंडणी वसूल केली. जावरच्या भट्ट्या विझण्याच्या कारणांत अभ्यासक दुष्काळाबरोबर मराठ्यांच्या या स्वाऱ्याही मोजतात. मग जावरचं शास्त्र ‘आपलं’ म्हणताना त्या स्वाऱ्याही आपल्याच म्हणाव्या लागतील. वारसा स्वीकारायचा तर जमेबरोबर खर्चाची बाजूही स्वीकारावी लागते.

इथेच थांबू.