अधोलोक, नरक आणि कबर

गिरगावच्या खोताची वाडीत लाकडी व्हरांड्यांच्या घरांलगत क्रूस दिसतो. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, त्यानंतर शहरातील ख्रिस्ती वस्त्यांत असे अनेक क्रूस उभे राहिले. मृत्यूनंतर माणूस जातो कोठे, हा प्रश्न त्या काळी घरोघरी होता. त्याला बायबलचे उत्तर मात्र एकसंध नाही.

जुन्या करारातील हिब्रू शब्द आहे ‘शिओल’. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘अधोलोक’ हा शब्द रूढ आहे. हे मृतांचे मूक, अंधारे स्थान. सज्जन-दुर्जन सारेच तेथे जातात. योसेफ मेला असे समजून शोक करणारा त्याचा पिता याकोब आपणही तेथेच जाणार असे म्हणतो. ईयोब तर दुःखातून सुटका म्हणून तेथे लपू पाहतो. उपदेशकाच्या मते तेथे काम नाही, ज्ञानही नाही. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात हा शब्द ३१ वेळा ‘नरक’, ३१ वेळा ‘कबर’ आणि तीन वेळा ‘गर्ता’ असा उतरला. पुढचा बराच गोंधळ येथूनच सुरू झाला.

येशूच्या तोंडी येणारा ‘गेहेन्ना’ हा शब्द वेगळा. जेरुसलेमच्या दक्षिणेकडील हिन्नोमच्या खोऱ्यावरून तो आला. तेथे पूर्वी मुलांचे बळी दिले जात. मराठीत त्याचे भाषांतर ‘नरक’ असे होते आणि वाचकाला यमलोक आठवतो. पुराणांतील नरक पाप फिटेपर्यंतचा असतो. चर्चच्या परंपरेतील नरक शाश्वत आहे, हा भेद त्या शब्दात हरवतो. नव्या करारातील श्रीमंत मनुष्य व लाजार यांच्या कथेत अधोलोकातही यातना आहेत, तर प्रकटीकरणात मृत्यू आणि अधोलोक हे दोन्ही अग्निसरोवरात टाकले जातात. म्हणजे अधोलोक अखेरचा मुक्काम नव्हे.

यातना शाश्वत, की दुष्टांचा समूळ नाश, याविषयी ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ मध्ये नरक हे ठिकाण नसून देवापासून दुरावल्याची अवस्था असल्याचे सांगितले.

मुंबईत हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. जागेच्या टंचाईमुळे अनेक दफनभूमींत ठरावीक मुदतीनंतर कबर उकरून अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवल्या जातात. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनास मुभा दिली, तरी दफनालाच प्राधान्य आहे. कबर मोडली म्हणजे मृताचे काय होणार, ही धास्ती वयोवृद्धांना वाटते. पुनरुत्थानाची श्रद्धा मात्र कबरेच्या दगडावर अवलंबून नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, शिवडीच्या दफनभूमीत मेणबत्त्या लावल्या जातात.