सूपच्या बशांतले दवबिंदू

कासच्या पठारावर पावसाळ्यात ओलसर, निकस जागी ‘दवबिंदू’ ही इवलीशी वनस्पती दिसते. पानांवरच्या केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकतात. त्यांवर बसलेला किडा पुन्हा उडत नाही. तिच्याच एका विलायती बहिणीने, ड्रोसेरा रोटुंडिफोलियाने, चार्ल्स डार्विनला पंधरा वर्षे गुंतवून ठेवले. डार्विन म्हटले की आपल्याला गालापागोस आठवते. मला त्याच्या घरातल्या कुंड्या अधिक बोलक्या वाटतात.

1860 च्या उन्हाळ्यात तो ससेक्समधील हार्टफील्डला मेहुणीकडे राहिला होता. ‘ओरिजिन’ निघून वर्षही झाले नव्हते. टीका चालूच होती. माळावरची डझनभर रोपे त्याने सहज उचलली. त्यांच्या 56 पूर्ण उमललेल्या पानांपैकी 31 पानांवर किडे किंवा त्यांचे अवशेष निघाले. पुढे आजारी मुलीसाठी, हेन्रिएटासाठी, कुटुंब ईस्टबोर्नला गेले, तेव्हाही हा छंद सुटला नाही. जगातल्या साऱ्या जातींच्या उगमापेक्षा मला ड्रोसेराची पर्वा जास्त आहे, अशा अर्थाचे त्याने लायेलला कळवले. नवरा शेवटी हे झाड प्राणी ठरवूनच थांबणार, अशी एमाची थट्टा होती.

थट्टेत एक जुना वाद दडलेला होता. 1769 मध्ये लंडनच्या जॉन एलिसने अमेरिकेतील व्हीनस फ्लायट्रॅपविषयी लिनीयसला लिहिले, की हे झाड किडे खात असावे. लिनीयसला पानाचे मिटणे ही निव्वळ स्पर्शाची प्रतिक्रिया वाटली. एवढ्या मोठ्या माणसाचे मत म्हटल्यावर विषय बराच काळ मागे पडला.

डार्विनने तो स्वयंपाकघरातल्या जिनसांनी पुन्हा उकरला. कच्चे मांस, दूध, अंड्याचा पांढरा बलक दिला की पानावरचे केस आत वळत. साखर, स्टार्च, ऑलिव्ह तेल, चहा यांना पान दाद देत नसे. म्हणजे झाड नायट्रोजन ओळखत होते! ज्या दलदलीत ते उगवते तिथे मुळांना तो फारसा मिळत नाही. (आजही घरी हे झाड लावणाऱ्याने खत टाळावे आणि पावसाचे पाणी घालावे, सकस मातीत ते मरते.)

1875 मध्ये ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ निघाले. तरी टीकाकारांचा एक प्रश्न उरलाच, आणि तो रास्त होता: झाड किडा पचवते हे खरे, पण त्याने त्याचे भले होते का? न भरवलेली रोपेही हिरवीगार दिसतातच की.

उत्तर मुलाने दिले. पत्नीच्या मृत्यूनंतर फ्रान्सिस वडिलांकडेच राहत होता. 1877 मध्ये त्याने सूपच्या बशांत शेवाळावर सुमारे दोनशे रोपे लावली. प्रत्येक बशीच्या मध्ये लाकडी पट्टी. एका बाजूला भाजलेल्या मांसाचे कण, दुसरी बाजू उपाशी. बाहेरचा किडा येऊ नये म्हणून वर जाळी. मला ही पट्टी फार आवडते. माती, पाणी, ऊन सारखेच, फरक तेवढा घासाचा.

पाने पाहूनही फरक कळत होता, भरवलेल्या बाजूची अधिक हिरवी होती. बिया मोजल्यावर मात्र शंका उरली नाही: खाल्लेल्या बाजूच्या बियांचे एकूण वजन उपाशी बाजूच्या साडेतीन पटींहून अधिक भरले. काही बशा त्याने तशाच हिवाळाभर ठेवल्या, कुणालाच काही न देता. वसंतात आदल्या वर्षी भरवलेलीच रोपे जोमाने वर आली.