व्हर्जिनियातील पहिले आफ्रिकन आणि गुलामगिरीची घडण

१६१९ च्या ऑगस्ट महिन्यात 'व्हाइट लायन' नावाचे एक इंग्रज लुटारू जहाज अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत पॉइंट कम्फर्ट येथे लागले. त्यातून विसांहून थोडे अधिक आफ्रिकन उतरवण्यात आले. गव्हर्नर जॉर्ज यीर्डली आणि वसाहतीचा व्यापारी अब्राहम पियर्सी यांनी धान्यसामग्रीच्या मोबदल्यात त्यांना घेतले. जॉन रॉल्फ या वसाहतवाल्याने ही हकीकत इंग्लंडला कळवली. त्याच्या पत्रात 'वीस आणि वर काही' एवढीच संख्या आहे. नाव एकाचेही नाही.

ही माणसे बेवारस नव्हती. ती मुख्यतः आजच्या अंगोलातील, एन्डोन्गो राज्याच्या परिसरातील होती. शेती करणारी, गुरे पाळणारी, बाजारहाट असलेली ही वस्ती पोर्तुगीजांनी स्थानिक लढवय्या टोळ्यांच्या मदतीने उद्ध्वस्त केली. लुआंडा बंदरातून सुमारे ३५० माणसे एका पोर्तुगीज जहाजात कोंबून मेक्सिकोकडे निघाली. त्यांतली अनेक वाटेतच मेली. उरलेल्यांपैकी काहींना 'व्हाइट लायन' आणि 'ट्रेझरर' या दोन जहाजांनी लुटून नेले. म्हणजे एका लुटारूने धरलेली माणसे दुसऱ्याने पळवली आणि तिसऱ्याने विकत घेतली. या तिसऱ्याला इतिहासात 'सभ्य वसाहतकार' म्हणतात!

१६२५ च्या शिरगणतीत व्हर्जिनियात २३ आफ्रिकन आढळतात. जेम्सटाउनला कॅप्टन विल्यम पियर्सच्या घरी अँजेला नावाची एक बाई आहे. एलिझाबेथ सिटीत विल्यम टकरच्या घरी अँटनी, इझाबेल आणि त्यांचे बाप्तिस्मा झालेले मूल विल्यम आहे. गोऱ्या नोकरांच्या नावापुढे वय आणि येण्याचे वर्ष बहुधा लिहिलेले असते. आफ्रिकनांच्या बाबतीत पुष्कळदा तेवढेही नाही. ही नावेसुद्धा आईबापांनी ठेवलेली नव्हेत, ती बाप्तिस्म्याची आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. मागच्या पिढ्यांचा माग काढायचा तर मलाही मालकाच्या आणि सरकारच्या कागदांतूनच तो काढावा लागतो. म्हणून अशा कागदातील कोरी जागासुद्धा वाचायला शिकले पाहिजे, असे मला वाटते.

परंतु या पहिल्या पिढीची कहाणी केवळ दैन्याची नाही. १६२१ मध्ये आलेला अँटोनिओ तंबाखूच्या मळ्यावर राबला. पुढे त्याने आणि त्याची बायको मेरी हिने स्वातंत्र्य मिळवले. अँटोनिओचा 'अँथनी जॉन्सन' झाला आणि १६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर जमीन लागली. १६५३ मध्ये मळ्याला आग लागली, तेव्हा कोर्टाने त्याच्या बायकोला आणि मुलींना करातून सूटही दिली. मात्र ज्या करातून ही सूट मिळाली, तो इंग्रज बायकांना नव्हताच. १६४३ च्या कायद्याने तो आफ्रिकन बायकांवर बसवला होता. आणखी एक गोष्ट झाकून चालणार नाही. जॉन कॅसर हा आफ्रिकन माणूस आपण मुदतीचे नोकर असून मुदत संपली आहे, असे सांगत होता. १६५५ मध्ये कोर्टाने त्याला जॉन्सनच्याच ताब्यात परत दिले. बंधनातून सुटलेला माणूस दुसऱ्याच्या बंधनाचा धनी होऊ शकतो, हे चळवळीतील माणसांनी विसरू नये.

जॉन्सनसारख्यांना थोडी वाट मिळाली, कारण त्या काळी गुलामगिरीचा कायदा पुरा बनलेला नव्हता. तो पुढे एकेक कलम जोडून बनवला गेला. १६४० मध्ये तीन नोकर मालकाकडून पळाले आणि पकडले गेले. दोघा गोऱ्यांची मुदत काही वर्षांनी वाढली. तिसरा, जॉन पंच, काळा होता. त्याला जन्मभराची चाकरी झाली. गुन्हा एक, शिक्षा दोन! १६५६ मध्ये एलिझाबेथ की हिने, आपला बाप इंग्रज आहे आणि आपला बाप्तिस्मा झाला आहे, या आधारावर कोर्टात स्वातंत्र्य मिळवले. पुढे या दोन्ही वाटा बंद झाल्या. १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरवला. गुलाम बाईवर अत्याचार करणाऱ्या मालकाला त्यामुळे आपलेच मूल मालमत्ता म्हणून मिळू लागले. १६६७ च्या कायद्याने बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही असे ठरले. धर्म बदलला, दर्जा बदलला नाही. १६७६ च्या बेकनच्या बंडात काळे आणि गोरे मजूर एकत्र लढले. त्यानंतर मळेवाल्यांनी दोहोंमधली भिंत आणखी उंच केली: १६९१ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला बंदी आली आणि १७०५ मध्ये सगळे नियम एका संहितेत बांधले गेले. या सगळ्यामागे तंबाखूच्या मळ्यांना लागणारे फुकटचे, पिढीजात श्रम होते.

जॉन्सन कुटुंब मेरीलँडला गेले. १६७० मध्ये अँथनी वारला, तेव्हा व्हर्जिनियातील ज्युरीने तो काळा, म्हणून परका, असे ठरवून त्याची तिथली जमीन सरकारजमा होऊ शकते असा निर्णय दिला. १६७७ मध्ये त्याच्या नातवाने मेरीलँडमध्ये ४४ एकर जमीन घेतली आणि तिचे नाव ठेवले 'अंगोला'.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्यांनी ओळखलेले नाते आपण डोळसपणे तपासले पाहिजे. व्हर्जिनियाची गुलामगिरी आणि आपली जातिव्यवस्था एक नव्हेत. त्यांची मुळे आणि त्यांचे समर्थन वेगळे आहे. पण जन्मावरून माणसाचा दर्जा ठरवणारी कोणतीही व्यवस्था स्वतःला अनादी म्हणवून घेते. व्हर्जिनियात हे म्हणणे खोडून काढणे सोपे आहे, कारण तिथे प्रत्येक कलमाची तारीख सापडते. विद्यार्थ्यांना हा इतिहास शिकवताना १६१९ वर थांबू नये. १६४०, १६६२, १६६७, १७०५ ही सालेही फळ्यावर लिहावीत, आणि प्रत्येक सालापुढे विचारावे: हा कायदा कोणी केला, आणि त्यात कोणाचा फायदा होता?