सुरतेचा धडा

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ साल आठवते. नगरशासनाच्या इतिहासात मात्र १९९४ हे सालही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या सप्टेंबरात तापीचा पूर ओसरला, तुंबलेल्या गटारांवर कचरा कुजू लागला आणि प्लेगच्या वार्तेने लाखो माणसे शहर सोडून निघाली.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी केलेला खरा बदल अधिकाराच्या जागेचा होता. शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागप्रमुखास आयुक्ताचे प्रशासकीय व आर्थिक अधिकार देण्यात आले. अधिकाऱ्यांनी सकाळी गल्लीबोळांतून फिरावे आणि दुपारी एकत्र बसून तिथे दिसलेल्या प्रश्नांचा निकाल लावावा, असा दंडक पडला. रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले. अनधिकृत बांधकामे पाडताना धनिकांचीही गय झाली नाही.

१९९६ मध्ये ‘इनटॅक’ या संस्थेने स्वच्छतेत सुरतेला चंदीगडच्या खालोखाल स्थान दिले. महापालिकेचा कायदा १९४९ चाच होता. बदलले होते ते कायदा राबविणाऱ्याचे आणि रस्त्याचे अंतर. हे अंतर पुन्हा वाढू न देणे, हीच प्रत्येक नगरशासनाची नित्याची कसोटी होय.