आजोबांचे बूट

मागच्या पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावर गेलो होतो. गंगापूर रोडवर राहणाऱ्याला पाऊस लागला की तिकडे एक चक्कर मारावीच लागते. परतताना उजव्या पायाचा बूट अचानक हलका झाला. खाली पाहिलं तर अख्खा तळवा मागे चिखलात पडलेला, आणि मी फक्त वरच्या भागावर चालतोय! चार वर्षांपूर्वी चांगले पैसे मोजून घेतलेले ट्रेकिंगचे बूट. वापरले असतील जेमतेम दहा वेळा. बाकीचा काळ खोक्यात, जपून.

रस्त्याकडेच्या चांभारदादांना दाखवले. त्यांनी तळवा बोटाने दाबला, तर त्याचा चक्क भुगा झाला. म्हणाले, "साहेब, हा शिवलेला नाही, चिकटवलेला आहे. आणि ठेवून ठेवून कुजलाय. याला मी काय करू?"

नंतर वाचल्यावर कळलं की त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. पॉलियुरेथेनचा तळवा हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो, तोही न वापरता. म्हणजे जपून ठेवणं हाच माझा गुन्हा.

घरी येऊन माळ्यावरची ट्रंक काढली. तिच्यात आजोबांचे बूट आहेत. आजोबा देवळालीला लष्करी खात्यात कारकून होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल विकायला निघाला, त्याला लोक 'डिस्पोजलचा माल' म्हणत. त्यातून त्यांनी हे घेतले. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जाड चामड्याचे, तळाला खिळे आणि टाचेला लोखंडी नाल. 'अम्युनिशन बूट' म्हणायचे त्यांना. दारूगोळ्याशी संबंध नाही; सरकारी कोठारातून मिळणाऱ्या कुठल्याही लष्करी सामानाला जुन्या इंग्रजीत हाच शब्द होता. आजोबा येताहेत हे गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचं, असं बाबा सांगतात.

देवळालीची छावणी १८६० च्या दशकातली. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोल्जर तिथे महिनोन्महिने पडून राहायचे आणि कंटाळून त्यांचं डोकं फिरायचं. इंग्रजीत वेड लागलेल्याला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीचा! या पलटणींना बूट लागायचे ते हजारांनी. कानपूरला सरकारी खोगीर कारखाना होता आणि १८८० च्या सुमारास तिथेच कूपर ॲलन कंपनी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात तिथून लष्करासाठी बुटांचे ढीगच्या ढीग बाहेर पडले.

त्याआधी आपल्याकडे चामडं नव्हतं असं मुळीच नाही. गावगाड्यात चांभार हा बलुतेदार. चपला, जोडे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विहिरीवरची मोट. मोट फाटली की मळा वाळला. चामडं कमावण्याचं काम ढोर समाजाकडे: चुन्याने केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडी दिवसेंदिवस मुरवायची. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच पद्धतीचं. तिचा तळवा चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला मिलानच्या रॅम्पवर आणल्या, तेव्हा आपण सगळे खवळलो होतो. कारागिरांचं नाव घेतलं नाही म्हणून. मीही खवळलो होतो. त्याबद्दल शेवटी बोलतो.

आजोबांचे बूट टिकले ते दोन कारणांनी. एक, ते शिवलेले आहेत. शिवलेला तळवा झिजला की उसवून नवा लावता येतो. चिकटवलेला गेला की बहुधा बूटच गेला. दोन, चामडं अस्सल आहे. बूट घेताना मी आता तो दुमडून पाहतो. अस्सल चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर बऱ्याचशा विरतात. वरून प्लॅस्टिकचा थर दिलेलं चामडं चकचकीत दिसतं, पण त्याला सरळ घडी पडते आणि पुढे तिथेच तडा जातो. जमलं तर कापलेली कडाही पाहावी, तिथे तंतू दिसले पाहिजेत.

निगा राखण्याचे आजोबांचे नियम बाबांना अजून पाठ आहेत. ओले बूट कधी उन्हात किंवा चुलीपाशी ठेवायचे नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवायचे. चिखल आधी ब्रशने काढायचा, मगच पॉलिश, तेही पातळ. आठवड्यातून एक दिवस बुटांना सुट्टी, कारण पायाचा घामही चामडं खातो. पावसाळ्याआधी एरंडेलाचं बोट, आणि पावसाळ्यात बुरशी दिसली की पुसून वाऱ्याला. खोक्यात बंद करायचे नाहीत. (हा शेवटचा नियम मी पाळला असता तर!)

बाबांना विचारलं, "तळवे किती वेळा बदलले?"

"तीनदा तरी. दर वेळी एकच माणूस यायचा. रापी, आरी, मेण लावलेला दोरा घेऊन. दुपारभर बसायचा."

"कुठे बसायचा?"

बाबा जरा थांबले. "पायरीच्या खाली. आजी त्याला वरून ओंजळीत पाणी घालायची."

"नाव काय त्यांचं?"

बाबांना आठवलं नाही. आत्याला फोन केला, तिलाही नाही. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या आहेत आमच्याकडे. त्यात सापडलं, "चांभार, तळवे, २ रु." एवढंच.

हे सगळं ज्या नाशकात घडत होतं तिथे २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. त्याआधी तीन वर्षं, १९२७ मध्ये, महाडहून बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं सोडा असं सांगितलं होतं. म्हणजे आपल्या पायातल्या जोड्याचा पहिला दुवाच त्यांनी नाकारायला सांगितला. किती गावांत त्या लोकांना सवर्णांच्या आळीतून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. जोडे करणारे हात, आणि पाय अनवाणी. शाळेच्या इतिहासात आम्हाला सत्याग्रहाची तारीख होती. आमच्या घरातली पायरी त्या तारखेला जोडून कुणी दाखवली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं.

प्राडाने कारागिरांचं नाव घेतलं नाही म्हणून मी खवळलो होतो. आमच्या वहीतही नाव नाहीच की.

गेल्या रविवारी आजोबांचे बूट घेऊन रस्त्यावरच्या चांभारदादांकडे गेलो. एका टाचेची शिलाई उसवली होती. त्यांनी बूट उलटासुलटा केला, जुन्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हात चांगला होता. कोणाचा?"

मला सांगता आलं नाही.

शिलाई झाली. त्यांचं नाव विचारलं, घरी आल्यावर आजोबांच्या त्याच वहीत, शेवटच्या कोऱ्या पानावर, तारीख घालून लिहून ठेवलं. इथे देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण वहीत आहे.