घरातील मूलद्रव्ये आणि आरोग्य: मीठ, टीसीएल, लोहाच्या गोळ्या आणि उंदराचे औषध

सोडियम हा पाण्यात टाकताच पेट घेऊ शकणारा धातू आहे. क्लोरीन हा छाती जाळणारा विषारी वायू आहे. दोघांचा संयोग झाला की तयार होते आपले रोजचे मीठ. एखादे मूलद्रव्य औषध ठरेल की विष, हे ते कोणत्या रूपात आणि किती प्रमाणात शरीरात जाते यावर अवलंबून असते. पिंपळनेर आणि साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांतून येणाऱ्या रुग्णांना मी हेच वारंवार सांगतो, कारण घरात होणाऱ्या बऱ्याच चुका ‘नाव तेच, म्हणजे वस्तू तीच’ या समजुतीतून होतात.

मीठ आणि आयोडीन

बाजारात गुरांसाठी विकले जाणारे खडे मीठ काही घरांत स्वयंपाकालाही वापरतात. ‘डॉक्टर, मीठ ते मीठच शे ना?’ असे विचारले जाते. चवीला तेच असते, पण त्यात आयोडीन मिसळलेले नसते.

गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला हार्मोन तयार करण्यासाठी आयोडीन लागते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम, तर गरोदर स्त्रीला 250 मायक्रोग्रॅम, म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल इतकेच. ते कमी पडले तर गलगंड होतो, हे बहुतेकांना माहीत असते. त्याहून गंभीर नुकसान गर्भातील बाळाच्या मेंदूचे होते आणि ते नंतर भरून काढता येत नाही.

हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दिसले. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. 17 मे 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे. ग्राहकापर्यंत पोहोचताना मिठात किमान 15 पीपीएम, म्हणजे एका ग्रॅममध्ये 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असले पाहिजे.

मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा, चुलीशेजारी उघडे ठेवू नका. उपवासाच्या सैंधवावर आयोडीनसाठी विसंबू नका. आशाताईंकडे तपासणीचे किट असेल तर चिमूटभर मिठावर थेंब टाकून पाहता येते; निळा रंग आला तर आयोडीन आहे. मात्र आयोडीन मिळावे म्हणून मीठ वाढवायचे नाही. दिवसाला 5 ग्रॅमची मर्यादा तशीच राहते.

बीपीच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. किडनीचा आजार असणाऱ्यांना किंवा बीपीची काही ठरावीक औषधे घेणाऱ्यांना त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नका.

क्लोरीन

ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर आणि आरोग्य कर्मचारी देतात ते मेडिक्लोर, दोन्हींचे काम क्लोरीन करतो. पांझरेला पूर आल्यावर गढूळ पाणी येते, तेव्हा ते आधी गाळून घ्या, मग मेडिक्लोर टाका आणि अर्धा तास थांबून प्या. थोडा वास येणे ही तक्रार नाही, पाणी शुद्ध केल्याची ती खूण आहे.

धोका संडास-बाथरूम धुताना असतो. टीसीएल पावडर टाकून वरून फरशीचे अ‍ॅसिड ओतले की क्लोरीन वायू बाहेर पडतो. दार बंद असेल तर काही मिनिटांत खोकला आणि धाप लागते. असे झाले तर लगेच मोकळ्या हवेत या. दम लागत असेल तर घरी थांबू नका.

लोह आणि झिंक

गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते आणि ती रोज एक याप्रमाणे 180 दिवस घ्यायची असते. गोळीनंतर लगेच चहा नको, लिंबूपाणी चालेल. शौचाला काळे होते, त्याची भीती बाळगू नका. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर गोळ्या वाढवण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. आणि ही लाल, गोड आवरणाची गोळी लहान मुलाला चॉकलेट वाटते. मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकते, म्हणून पाकीट उंचावर ठेवा.

जुलाबात मुलांना ओआरएससोबत झिंकची गोळी 14 दिवस देतात: 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20. जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करावा. कृषी केंद्रात मिळणारे झिंक सल्फेट पिकासाठी आहे. ते औषध नव्हे. हा प्रश्न मला खरोखर विचारला गेला आहे.

फॉस्फरस

आपल्या हाडांत फॉस्फरस असतो, डीएपी खतात असतो, काडीपेटीच्या घासायच्या पट्टीवर लाल फॉस्फरस असतो. या रूपांपासून रोजच्या वापरात विषबाधेची भीती नसते. पूर्वी काड्यांमध्ये पांढरा फॉस्फरस वापरत. कारखान्यातील कामगारांचे जबड्याचे हाड त्याने सडत असे, म्हणून 1906 च्या बर्न करारात अशा काड्यांवर बंदी घालण्यात आली. तोच फॉस्फरस ‘पिवळा फॉस्फरस’ या नावाने उंदराच्या काही पेस्टमध्ये असतो. ट्यूब दिसायला टूथपेस्टसारखी. टोमॅटोला किंवा पावाला लावून ती ओट्याखाली ठेवली जाते आणि रांगते मूल तिथपर्यंत पोहोचते.

या विषबाधेत घरचे लोक हमखास फसतात. पहिल्या दिवशी उलट्या व पोटदुखी होते. मग एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटतो, जेवतो, बोलतो. याच काळात ‘आता बरे आहे’ म्हणून त्याला घरी नेलेले मी पाहिले आहे. त्यानंतर कावीळ दिसते, रक्तस्राव होतो, लिव्हर निकामी होऊ लागते. या विषावर उतारा नाही. म्हणून उलट्या थांबल्या तरी दवाखान्यातून नेऊ नका. लिव्हरच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या काही दिवस पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.

धान्याच्या कोठीत टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचेही तसेच. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्यांचा त्यात मृत्यू होऊ शकतो. कायद्यानेही त्यांचा वापर प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच करायचा आहे. झोपायच्या खोलीत धान्य साठवत असाल तर या गोळ्या घरात आणूच नका. वाळवलेले धान्य आणि कडुनिंबाचा पाला पुरतो.

कोणी असे विष गिळले तर घरी उलटी करवू नका. दूध किंवा तूप पाजू नका, कारण चरबीमुळे पिवळा फॉस्फरस अधिक शोषला जातो. 108 ला फोन करा आणि ट्यूब किंवा डबा सोबत न्या. उंदराच्या औषधांत रक्त पातळ करणारे, पिवळा फॉस्फरस असलेले आणि झिंक फॉस्फाइडचे असे प्रकार येतात, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. लेबल पाहिले की आमचा अर्धा तास वाचतो.